डेक्सात हाडं ठिसूळ आली, गोळीने दुखणं वाढलं : इंजेक्शनाआधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा : आई ६१ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी राहते, पिण्याचं पाणी बोअरचं. दोन वर्षांपासून कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात. डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, मणक्याचा टी-स्कोअर −३.२ आणि खुब्याचा −२.९ आला. चौदा महिने अॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी आणि रोजची कॅल्शियमची गोळी ('डी' म्हणजे ड जीवनसत्त्व असलेली) चालू आहे. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलंय, आता जमिनीवरून उठायला कुणाचा तरी हात लागतो. एक्स-रेमध्ये 'झीज' सांगितली. रक्तात कॅल्शियम ८.३, अल्ब्युमिन ४, क्रिएटिनिन ०.८, अल्कलाइन फॉस्फटेज ३८६. गोळीने फरक नाही म्हणून आता टेरिपॅराटाइडचं (नवं हाड तयार करवणारं) रोजचं इंजेक्शन सुचवलंय. द्यावं का?

उत्तर : आत्ता देऊ नका. आठवड्याची गोळीसुद्धा डॉक्टरांशी बोलून तूर्त थांबवा. पुढचे दोन आठवडे तपासण्यांना द्या. हाडांच्या उपचारात दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही, चुकीच्या औषधाने मात्र बिघडतं.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत माझी नजर टी-स्कोअरवर थांबली नाही. थांबली ती ३८६ वर. अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृत आणि हाडं, दोन्हींतून रक्तात येणारं एन्झाइम; बहुतेक लॅबमध्ये प्रौढ माणसाचं ते साधारण १३० च्या आत असतं. तिप्पट वाढलेला हा आकडा कदाचित 'लिव्हर प्रोफाइल'मध्ये आला असेल आणि बिलिरुबिन ठीक आहे म्हणून पुढे सरकला असेल. असं फार वेळा होतं. साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं विरळ होऊन ठिसूळ होतात तेव्हा, हा आकडा नॉर्मल असतो. नुकतंच हाड मोडलं असेल तर काही आठवडे थोडा चढतो, एवढंच. आणि हे एन्झाइम का वाढलंय ते कळल्याशिवाय टेरिपॅराटाइड द्यायचं नाही, हा त्या औषधाचा जुना, ठरलेला नियम आहे.

मग डेक्सा खोटा आहे का? नाही. पण त्याला जे विचारलंच नव्हतं, त्याचं उत्तर आपण त्याच्याकडून घेतोय. डेक्सा हाडाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम खनिज आहे ते मोजतो आणि तरुण निरोगी व्यक्तीच्या सरासरीशी ताडून टी-स्कोअर देतो. −२.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये दिली. खनिज का कमी आहे, हे त्या यंत्राला कळत नाही. घराच्या स्लॅबचं उदाहरण घ्या. स्लॅब पातळ टाकलाय, पण सळई आणि काँक्रीटचं प्रमाण बरोबर आहे, तो झाला ऑस्टिओपोरोसिस. सळया बांधून तयार आहेत, पण काँक्रीट भरलंच नाही, तो ऑस्टिओमलेशिया : मोठ्या माणसांत हाडं मऊ पडण्याचा आजार, लहान मुलांत ज्याला आपण मुडदूस म्हणतो त्याचा प्रौढ अवतार. वरून मोजलं तर दोन्हीकडे काँक्रीट कमीच भरेल. उपचार मात्र वेगळे. अॅलेंड्रोनेटसारखी औषधं जुनं हाड खरवडणाऱ्या पेशींना आवरतात. न भरलेल्या सळयांत काँक्रीट भरणं त्यांचं काम नाही. उलट ड जीवनसत्त्व कमी असताना ही औषधं दिली तर हाडातून रक्तात येणारं कॅल्शियमही अडतं आणि रक्तातली पातळी घसरू शकते.

आता आईंच्या तक्रारी पाहा. हाड मोडेपर्यंत ऑस्टिओपोरोसिस दुखत नाही, हे मी प्रत्येक पेशंटला सांगते. मणका दबला तर अचानक, एका जागी, जोराचं दुखतं. सगळीकडे पसरलेलं, बोथट, उभं राहिलं की वाढणारं दुखणं, नडगीवर किंवा बरगडीवर अंगठा दाबला तरी कळ येणं, पाय उचलून पायरी चढता न येणं, मांडीवर हात टेकून उठावं लागणं, चालताना दोन्ही बाजूंना डोलणं : हे चित्र ऑस्टिओमलेशियाचं आहे. त्यात खांद्याचे आणि खुब्याभोवतालचे स्नायूही कमजोर होतात. म्हणून मी ओपीडीत फाइल उघडण्याआधी पेशंटला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगते. यातल्या अनेक बायका 'वाताचा आजार', 'गॅप आलाय', 'मन लावून घेतलंय' अशी लेबलं घेऊन दोन-तीन वर्षं फिरलेल्या असतात. एक्स-रेतली झीज साठीच्या जवळपास प्रत्येकाला दाखवता येते. तिने जमिनीवरून उठणं बंद होत नाही.

कोणत्या तपासण्या करायच्या? कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन एकाच दिवशी, सकाळी उपाशीपोटी. त्याच रक्तातून २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (शरीरातला डीचा साठा) आणि रक्तातलं कॅल्शियम वर ठेवणारा पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच. शिवाय जीजीटी (यकृताचं एन्झाइम), हिमोग्लोबिन, ईएसआर. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू नका असं रक्त घेणाऱ्याला सांगा, कॅल्शियम खोटं वाढलेलं येतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, काही पद्धतींत त्याने पीटीएचचा आकडा बिघडतो.

हे आकडे एकेकटे वाचले तर फसवतात. जीजीटी नॉर्मल असेल तर वाढलेलं फॉस्फटेज यकृताचं नसून हाडाचं, हे आधी पक्कं होतं. मग कॅल्शियम किंचित कमी, फॉस्फरस कमी, पीटीएच वाढलेला आणि २५-हायड्रॉक्सी डी दहाच्या खाली, असा संच आला की ड जीवनसत्त्वाच्या अभावाचा ऑस्टिओमलेशिया जवळजवळ ठरला. तुमच्या आईंच्या बाबतीत माझा अंदाज हाच आहे. पण नुसतं 'डी कमी' असणं हा पुरावा नव्हे. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुणालाही धरून तपासलं तर अनेकांचा आकडा विसाच्या खाली येईल, आणि त्यातल्या बहुतेकांची हाडं मऊ पडलेली नसतात. रोग डीच्या आकड्यावरून नाही, फॉस्फटेज, पीटीएच आणि फॉस्फरस काय करतायत त्यावरून ओळखायचा.

कॅल्शियम वाढलेलं आणि पीटीएचही वाढलेला, किंवा वाढलेल्या कॅल्शियमसमोर दबायला हवा होता तो पीटीएच 'नॉर्मल'च, तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ शोधायची. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकापासून नेहमीच्या रक्ततपासणीत कॅल्शियम आपोआप मोजलं जाऊ लागलं आणि हा आजार लक्षणं येण्याआधीच सापडू लागला. आपल्याकडे अजूनही बरेच जण मूतखडे, मोडलेलं हाड किंवा जबड्यातली गाठ घेऊन येतात. मूतखडा वारंवार होणाऱ्या प्रत्येकाचं कॅल्शियम एकदा तरी पाहावं, हा माझा हट्ट आहे. या आजारात हाताच्या मनगटावरचं हाड सर्वांत आधी झिजतं, म्हणून डेक्सा करताना अग्रबाहूचाही मागायचा. उपचार बहुधा शस्त्रक्रिया, आणि अनुभवी हातांत ती चांगली होते. तुमच्या आईंचं ८.३ पाहता ही शक्यता कमी वाटते. तरी डी फारच कमी असताना ग्रंथीच्या गाठीतही कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं, म्हणून डी भरून काढल्यावर कॅल्शियम पुन्हा मोजायचंच.

फॉस्फरसबद्दल जरा थांबून बोलते, कारण ही स्वस्त तपासणी लिहिलीच जात नाही. डी व्यवस्थित आहे, कॅल्शियम व्यवस्थित आहे, पण फॉस्फरस दोनच्या खाली आणि फॉस्फटेज वाढलेलं, असं असेल तर मूत्रपिंड फॉस्फेट गाळून बाहेर टाकतंय. त्याच वेळचं रक्त आणि लघवी घेऊन हिशेब करता येतो. कधी कारण औषध असतं : एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीमध्ये देतात ते टेनोफोव्हिर, किंवा जास्त पाळी जाणाऱ्या बायकांना पुन्हा पुन्हा दिलेलं फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचं लोहाचं सलाइन. हे दुसरं कारण गेल्या काही वर्षांत ठळक झालंय. हिमोग्लोबिन सुधारतं, पण बाई जास्तच गळून जाते आणि कुणी फॉस्फरस मागत नाही. कधी आजार आनुवंशिक असतो, लहानपणापासून वाकलेले पाय आणि घरात आणखी कुणाचे तसेच. आणि कधी शरीरात कुठेतरी, तळपायात, मांडीत, नाकाच्या सायनसमध्ये, शेंगदाण्याएवढी निरुपद्रवी गाठ असते. ती एफजीएफ-२३ नावाचा हार्मोन सोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. ही गाठ सापडायला वर्षं जातात, काढली की काही दिवसांत फॉस्फरस वर येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अंतःस्रावी विभागाने अशा रुग्णांचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत मांडला आहे. म्हणजे आपल्या भागात हे अगदीच अनोखं नाही. आईंना वर्षानुवर्षं अॅसिडिटीची, अपस्माराची औषधं किंवा 'सांधेदुखीच्या पुड्या' चालू होत्या का, हेही लिहून ठेवा. फेनिटॉइनसारखी अपस्मारावरची औषधं ड जीवनसत्त्व लवकर संपवतात. पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं; त्याने होतो तो खरा ऑस्टिओपोरोसिस.

फॉस्फटेज वाढण्याची आणखी दोन कारणं सांगायलाच हवीत. एक म्हणजे पॅजेटचा आजार, ज्यात हाडाची मोडणी-बांधणी बेताल होते; तो आपल्याकडे कमी दिसतो आणि झोलेड्रोनेटच्या (अॅलेंड्रोनेटच्याच जातीचं औषध) एका सलाइनने बहुधा आटोक्यात येतो. दुसरं म्हणजे कुठल्यातरी कर्करोगाचं हाडांत पसरणं. म्हणून वजन घटलंय का, रात्री झोपमोड करणारं दुखणं आहे का, स्तनात गाठ आहे का, हे तपासणारे डॉक्टर विचारतील. मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग, मात्र उलट वागतो : हाडं पोखरतो, ईएसआर आकाशाला, हिमोग्लोबिन खाली, क्रिएटिनिन वर, आणि फॉस्फटेज सहसा नॉर्मल. साठीनंतर इतका खाली टी-स्कोअर आला तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे मायलोमा शोधणारी रक्ततपासणी, एकदा करून घ्यावं.

इथे एक सापळा आहे. ऑस्टिओमलेशियात हाडांना ठिकठिकाणी बारीक, अर्धवट तडे जातात. बोन स्कॅन केला तर बरगड्या, खुबा, जांघेजवळची हाडं सगळीकडे चमकतात आणि रिपोर्टमध्ये 'पसरलेल्या कर्करोगाची शक्यता' असं येतं. घर हादरतं. म्हणून माझं सांगणं, स्कॅन आधी नको, रक्त आधी. आणि साधा एक्स-रे : दोन्ही खुबे दिसतील असा ओटीपोटाच्या हाडांचा, आणि छातीचा. खुब्याच्या हाडाच्या मानेला आतल्या बाजूने किंवा जांघेजवळच्या हाडात काटकोनात पट्टी दिसते का, असं नेमकं विचारून जुना एक्स-रे पुन्हा वाचून घ्या. त्यांना लूजर झोन म्हणतात, दोन्हीकडे सारखे असतात आणि 'झीज' शोधणाऱ्या नजरेतून निसटतात.

आता बोअरच्या पाण्याकडे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम इष्ट मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. वर्षानुवर्षं त्याहून बरंच जास्त फ्लोराइड पोटात गेलं की हाडं दगडासारखी दाट होतात, मणका ताठतो, मान वळेनाशी होते, अग्रबाहूच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठतो. अशा माणसाचा मणक्याचा टी-स्कोअर अधिक चिन्हात येतो आणि हाड मजबूत नसतं, हे लक्षात ठेवण्याजोगं. आईंचा स्कोअर −३.२ आहे, त्यामुळे ठळक फ्लोरोसिस दिसत नाही. पण आहारात कॅल्शियम कमी आणि पाण्यात फ्लोराइड जास्त, असं एकत्र आलं की मऊ पडलेली हाडंही दिसतात. गावातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत का पाहा. पाण्याचा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं, आरओने जातं. बोअर बंद करून दुसरं पाणी सुरू करणं हा यातला सर्वांत मोठा उपचार.

समजा, माझा अंदाज खरा ठरला आणि ड जीवनसत्त्वाचा अभावच निघाला. मग उपचार अगदी साधा आहे, इतका की घरच्यांना विश्वास बसत नाही. कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वच, ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, कधी बारा, जेवणाबरोबर. पुढे महिन्यातून एकदा. सोबत आहार धरून रोज निदान एक ग्रॅम शुद्ध कॅल्शियम. सध्याच्या कॅल्शियमच्या गोळीत 'डी आहे' असं तुम्ही लिहिलंय. त्यात साधारण २५० युनिट असतं, रिकाम्या झालेल्या शरीराला ते पुरत नाही. आणि गोळीत कॅल्सिट्रिऑल (डीचं आयतं, सक्रिय रूप) असेल तर २५-हायड्रॉक्सी डीचा साठा त्याने भरतच नाही. मूत्रपिंड धड असताना मी ते टाळते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं. अॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट बरं.

सहा लाख युनिटचं इंजेक्शन मात्र नको, आणि 'दर महिन्याला एक घेऊन टाका' तर मुळीच नको. एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना तीच इंजेक्शनं पुन्हा दिली जातात आणि मग उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रमिष्टपणा, वाढलेलं क्रिएटिनिन घेऊन पेशंट येतो. कॅल्शियम चौदावर, पीटीएच दबलेला. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे हे विष उतरायला महिने लागतात. डीचा अभाव जितका खरा आहे, तितकीच ही उधळपट्टीही.

सुधारणा कशी दिसेल? आधी ताकद येते. चार-सहा आठवड्यांत आई आधाराशिवाय उठायला लागतील, दुखणं मागून कमी होईल. फॉस्फटेज पहिल्या काही आठवड्यांत थोडं वाढू शकतं, हाड भरतंय म्हणून, घाबरू नका. मग ते हळूहळू उतरतं, पूर्ण नॉर्मल व्हायला सहा महिने ते वर्षही. पीटीएच त्याहून आळशी. तीन महिन्यांनी कॅल्शियम, फॉस्फरस, फॉस्फटेज आणि डी मोजा. डी वर आलाय पण फॉस्फरस तसाच खाली असेल, तर वर सांगितलेला मूत्रपिंडाचा शोध सुरू करायचा. डी वरच आला नाही, तर औषध आतड्यातून शोषलं जात नाहीये : गव्हाची अॅलर्जी म्हणतात त्या सीलिअॅक आजाराची टीटीजी तपासणी करा, पोटाची जुनी शस्त्रक्रिया आठवा.

उन्हाबद्दल. कोवळं ऊन आरोग्याला चांगलं असेल, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण त्यात फारसे नसतात. ते सूर्य वर आल्यावर मिळतात : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असते तेव्हा, साधारण अकरा ते तीन. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. यवतमाळच्या मे महिन्यात आईंना दुपारी उन्हात बसवा असं मी सांगणार नाही, हिवाळ्यात अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून बसणं जमतं. परदेशी राहणाऱ्यांनी हे वेगळं समजून घ्यावं. ग्लासगोमधल्या भारतीय आणि पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि ऑस्टिओमलेशिया १९६० च्या दशकात ठळकपणे नोंदले गेले. तिथे वर्षातले कित्येक महिने उन्हात हे किरण नसतातच, त्यात शाकाहार आणि चपातीतलं फायटेट (धान्याच्या कोंड्यातला घटक) कॅल्शियम अडवतं. तिथल्या आपल्या माणसांनी गोळीच घ्यावी. आहारात दूध-दही जमेल तितकं, रोज नाचणीची भाकरी (१०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम), चटणीत तीळ. पण इतक्या रिकाम्या हाडांना नुसत्या आहाराने भरायला निघू नका.

वर्षभराने डेक्सा पुन्हा करा, शक्यतो त्याच यंत्रावर. ऑस्टिओमलेशिया भरून निघाला की आकडा पुष्कळ सुधारतो, कधी कधी ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेच्या वर येतो आणि पुढे औषधच लागत नाही. तरीही −२.५ च्या खाली राहिला, किंवा मणका दबलेला निघाला, तर तेव्हा ऑस्टिओपोरोसिसचा उपचार करायचा. डी आणि कॅल्शियम नॉर्मल असल्याची खात्री करून. वर्षातून एकदा झोलेड्रोनेटचं सलाइन गावाकडच्या माणसाला सोयीचं पडतं. मूत्रपिंड चांगलं हवं, पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप-अंगदुखी येऊ शकते, आणि दाताचं काढायचं काम असेल तर ते आधी उरकून घ्या. हाडाची झीज दाबून ठेवणारं डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन कुणी सुचवलं तर आधीच विचारून ठेवा की थांबवताना काय देणार : ते मध्येच चुकलं तर ती दाबून ठेवलेली झीज उसळून येते आणि एकाहून अधिक मणके मोडू शकतात. टेरिपॅराटाइडही त्या वेळी विचारात घेता येईल, फॉस्फटेज नॉर्मल झालेलं असेल तर.

तोपर्यंत आईंना जमिनीवर बसून कामं देऊ नका, संडासात उठायला धरायला दांडी बसवा, आणि मांडीत किंवा जांघेत एका जागी अचानक कळ वाढली, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. तडा गेलेलं खुब्याचं हाड पूर्ण मोडण्याआधी सापडलं तर ते वाचवता येतं. हाताला मुंग्या, बोटं वाकडी होऊन आखडणं असं काही झालं तर कॅल्शियम तातडीने मोजा. चौदा महिने घेतलेली अॅलेंड्रोनेटची गोळी हाडात अजून आहे, आणि ती लगेच निघून जात नाही.